नवजात बाळाच्या सीटीत इमेज दाणेदार आणि डोसही जास्त: एमएएस वाढवण्याआधी काय तपासायचं

तक्रार जवळपास नेहमी एकाच रूपात येते. चार-पाच दिवसांचं, अडीच-तीन किलोचं बाळ खानापूर किंवा चिकोडीकडून रेफर होऊन बेळगावला येतं. डोक्याचा किंवा छातीचा सीटी होतो. इमेज दाणेदार दिसते, रिपोर्ट करणारे डॉक्टर रिपीट सांगतात, टेक्निशियन एमएएस (ट्यूबमधला करंट म्हणजे एमए, गुणिले सेकंद; किरणांचं प्रमाण यावर ठरतं) वाढवून पुन्हा घेतो. बाळाला दोन स्कॅनचा डोस बसतो आणि दुसरी इमेजही पहिलीसारखीच निघते. पुढच्या बाळाच्या वेळी तो वाढवलेला एमएएसच प्रोटोकॉलमध्ये सेव्ह झालेला असतो.

मूळ घोटाळा असा की 'दाणे दिसले म्हणजे किरण कमी पडले' असं धरलं जातं. नवजात बाळाच्या बाबतीत हे फार कमी वेळा खरं असतं. बाळाच्या छातीचा किंवा पोटाचा व्यास १० ते ११ सेंमी असतो, मोठ्या माणसाचा ३० सेंमीच्या आसपास. दर साडेतीन-चार सेंमी ऊतींतून जाताना किरणं साधारण निम्मी होतात. म्हणजे एकाच सेटिंगवर मोठ्या माणसाच्या तुलनेत बाळातून कितीतरी पट, ढोबळमानाने तीसएक पट जास्त किरणं डिटेक्टरपर्यंत पोहोचतात. एवढं असूनही इमेज खराब येत असेल, तर कारण एमएएसमध्ये नसून दुसरीकडे असण्याची शक्यताच जास्त. शिवाय दाणे निम्मे करायचे तर डोस चौपट करावा लागतो. म्हणून एमएएस हा सगळ्यात महागडा उपाय आहे. तो शेवटी.

बाळ टेबलावर असतानाच: रॉ डेटा

रिपीट घेण्याआधी पहिल्या स्कॅनचा रॉ डेटा (ज्यातून इमेज बनते ती डिटेक्टरची मूळ नोंद) कन्सोलवर आहे, हे लक्षात घ्या. तो लगेच लॉक करा, नाहीतर गर्दीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यावर दुसरा डेटा चढतो. मग त्याच डेटातून तीन गोष्टी बदलून बघा.

स्लाइसची जाडी: १.२५ मिमीवर दिसणारे दाणे ५ मिमीवर निम्मे होतात, आणि डोस शून्य. बाळाच्या मेंदूसाठी ५ मिमी जाड वाटत असेल तर ३ मिमी करा, मेंदू १.२५ मिमीवर रिपोर्ट करायचा नसतो. पातळ स्लाइस हाडासाठी आणि थ्री-डीसाठी ठेवा.

कर्नल (इमेज गुळगुळीत की धारदार ते ठरवणारा फिल्टर): मेंदूसाठी सॉफ्ट कर्नल लागलाय की नाही ते पाहा. हाडाचा शार्प कर्नल चुकून मुख्य सिरीजला लागला असेल तर दाणे भडक दिसणारच. हाडाच्या इमेज हव्यात म्हणून दुसरा स्कॅन कधीच लागत नाही; एकाच डेटातून दोन्ही कर्नल काढता येतात. मशीनमध्ये इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन (गणिताने दाणे कमी करणारी पद्धत) असेल तर मधल्या पातळीवर लावा. टोकाच्या पातळीवर इमेज मेणासारखी गुळगुळीत होते आणि छोटा रक्तस्राव त्यात बुजून जातो.

विंडो (कुठल्या घनतेपासून कुठपर्यंत काळं-पांढरं दाखवायचं ती मर्यादा): नवजात मेंदूत पाणी जास्त आणि मायलिन (नसांवरचं चरबीचं आवरण) कमी, म्हणून पांढऱ्या भागाचे एचयू (सीटीतलं घनतेचं एकक) मोठ्यांपेक्षा खाली असतात. मोठ्यांची ८०/३५ ची (रुंदी ८०, लेव्हल ३५) विंडो लावली की सगळा मेंदू काळपट आणि सपाट दिसतो. लेव्हल २५-३० पर्यंत खाली आणून बघा.

इथेच आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळे बरेच स्कॅन उगाच रिपीट होतात. नवजात बाळाचं हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) जास्त असतं आणि भोवतालचा मेंदू काळपट, त्यामुळे शिरांची सायनस नैसर्गिकपणेच उजळ दिसतात. ते थ्रॉम्बोसिससारखं (रक्ताच्या गुठळीसारखं) वाटतं आणि मग कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं आयोडीनचं औषध) देऊन दुसरा स्कॅन मागितला जातो. तसंच मायलिन नसलेला पांढरा भाग पसरट काळा दिसतो आणि त्याला सूज म्हटलं जातं. दोन्ही ठिकाणी मशीनचा दोष नाही, टेक्निकचाही नाही. शंका उरलीच तर टाळूवरून डॉपलर सोनोग्राफी किंवा एमआरआय करा, दुसरा सीटी नको.

दाणे, हालचाल, वर्तुळं की पट्टे?

खरे दाणे इमेजभर सारखे पसरतात आणि हवेच्या-हाडाच्या कडा शाबूत राहतात. बाळ हललं असेल तर कवटीची कड दुहेरी दिसते, किंवा सलग दोन-तीन स्लाइसच बिघडतात आणि बाकीच्या ठीक असतात. छातीत बरगडीला सावली जोडल्यासारखी दिसते. बाळाचा श्वास मिनिटाला ४० ते ६० वेळा, म्हणजे एक श्वास एक-दीड सेकंदाचा. १ सेकंदाच्या रोटेशनवर (ट्यूबच्या एका फेरीवर) तो पकडणं जमणारच नाही. इथे एमए वाढवून काहीही होत नाही. रोटेशन ०.५ सेकंदावर किंवा मशीन देईल तितकं खाली आणा.

मध्यबिंदूभोवती वर्तुळं दिसत असतील तर तो डिटेक्टरचा किंवा कॅलिब्रेशनचा प्रश्न. पट्टे दिसत असतील तर आधी बाळाच्या अंगावर काय आहे ते पाहा: ईसीजीची लीड, झबल्याची प्रेस बटणं, लंगोटाची पिन, गळ्यातला ताईत, कमरेचा करदोटा, हातातली काळ्या मण्यांची मनगटी. स्काउटमध्ये (स्कॅनआधीच्या साध्या आखणीच्या इमेजमध्ये) हे सगळं स्पष्ट दिसतं, पण घाईत कुणी स्काउटकडे नीट बघत नाही. ताईत-करदोटा काढायला घरच्यांचा जीव होत नाही. तो आईच्या हातात द्या, स्कॅन झाल्यावर लगेच परत बांधा म्हणून सांगा, म्हणजे अडत नाही.

सेंटरिंग: डोस आणि दाणे एकत्र वाढतात ते इथे

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच. टेबलाची उंची मोठ्या माणसाच्या हिशोबाने राहिलेली असते, त्यावर १० सेंमीचं बाळ ठेवलं की ते गॅन्ट्रीच्या (मशीनच्या गोल चौकटीच्या) मध्याच्या बरंच खाली जातं.

याचे परिणाम दोन. बो-टाय फिल्टर (ट्यूबसमोरचा, किरणं गाळणारा) मध्यभागी पातळ आणि कडेला जाड असतो. बाळ मध्यावर नसेल तर त्याच्या काही भागाला गरजेपेक्षा जास्त किरणं मिळतात आणि काही भागाला कमी, त्यामुळे दाणे एका बाजूला जास्त दिसतात. दुसरं म्हणजे स्काउट. ट्यूब खाली ठेवून स्काउट घेतला आणि बाळ मध्याच्या खाली असलं, तर ते ट्यूबच्या जवळ म्हणून मोठं दिसतं. ऑटो एमएला (स्काउट बघून एमए स्वतः ठरवणाऱ्या यंत्रणेला) वाटतं पेशंट जाड आहे, आणि ते एमए वाढवतं. ट्यूब वर असेल तर उलटं होतं: बाळ छोटं दिसतं, एमए कमी पडतो.

उपाय सोपा आहे. बाजूच्या लेझरची रेघ बाळाच्या छातीच्या मधोमध, डोक्यासाठी कानाच्या छिद्राच्या पातळीवर. टेबल तेवढं वर जात नसेल तर फोम किंवा सुती चादरीच्या घड्या खाली घाला. ओलं दुपटं किंवा ऊब देणारं जेल पॅड घालू नका. दोन्ही किरणं अडवतात आणि ऑटो एमएला फसवतात. जमत असेल तर बाजूचा स्काउटही घ्या, सेंटरिंग त्यात लगेच कळतं. स्काउट ८० केव्हीवर (केव्ही म्हणजे ट्यूबचा व्होल्टेज), कमीत कमी एमएवर, आणि हव्या तेवढ्याच लांबीचा असावा. डोक्याच्या स्कॅनसाठी बेंबीपर्यंत स्काउट घ्यायचं काहीच कारण नाही.

लेडचा तुकडा किंवा बिस्मथ स्काउटच्या आधी बाळावर ठेवू नका. ऑटो एमए तो शरीराचाच भाग धरतं आणि एमए चढवतं. स्कॅनचा पट्टा (लांबी) लहान ठेवणं आणि सेंटरिंग नीट करणं यानेच बाळाचं जास्त रक्षण होतं.

ऑटो एमए नीट वाचा

मोठ्यांच्या प्रोटोकॉलमध्ये फक्त एमए कमी करून बाळाचा स्कॅन घेणं बंद करा. लहान मुलांचा प्रोटोकॉल निवडल्यावर एमएबरोबरच बो-टाय, स्कॅन एफओव्ही (स्कॅनच्या वर्तुळाची रुंदी) आणि ऑटो एमएची संदर्भ-रेषाही बदलते. केअर डोस फोर-डीच्या (सीमेन्सच्या ऑटो एमएच्या) बऱ्याच आवृत्त्यांत मुलांच्या प्रोटोकॉलमधला क्वालिटी रेफरन्स एमएएस (ज्यावरून मशीन पेशंटचा एमएएस काढतं तो आकडा) हा २० किलोच्या मुलासाठी लिहिलेला असतो. तिथे 'बाळ तीन किलोचं आहे' म्हणून आकडा हाताने आणखी खाली ओढला तर कपात दोनदा होते आणि मग मात्र दाणे खरोखरच येतात.

नॉईज इंडेक्सवर (इमेजमध्ये किती दाणे चालतील त्या आकड्यावर) चालणाऱ्या मशीनचा सापळा वेगळा. नॉईज इंडेक्स पहिल्या रिकन्स्ट्रक्शनच्या जाडीला बांधलेला असतो. पहिली सिरीज ५ मिमीऐवजी ०.६२५ मिमी ठेवली आणि इंडेक्स तोच राहिला, तर मशीन पातळ स्लाइसमध्येही तेवढेच कमी दाणे आणायला धावतं आणि डोस कित्येक पट चढतो. पहिली सिरीज जाड ठेवा, पातळ नंतर काढा. मोठ्यांचा नॉईज इंडेक्स जसाच्या तसा बाळाला लावणंही चूक: बाळाच्या शरीरात अवयवांना वेगळं दाखवणारी चरबी जवळजवळ नसते आणि सगळं बारीक असतं, त्यामुळे दाणे थोडे कमीच हवेत.

मिनिमम एमए हा रकाना कुणी उघडत नाही, आणि डोस तिथेच अडकतो. समजा १२० केव्ही, ०.५ सेकंद, पिच (एका फेरीत टेबल किती सरकतं, किरणांच्या पट्ट्याच्या रुंदीच्या पटीत) १ आणि मिनिमम ८० एमए. बाळाला २० एमए पुरला असता तरी मशीन ८० च्या खाली जाणार नाही. म्हणजे ४० एमएएस, बऱ्याच मशीनवर अडीच-तीन मिलीग्रेच्या (डोसचं एकक) आसपास. युरोपीय आयोगाच्या २०१८ च्या मार्गदर्शनात ५ किलोच्या आतल्या बाळाच्या छातीसाठी संदर्भ पातळी १.४ मिलीग्रे आणि डीएलपी (डोस गुणिले स्कॅनची लांबी) ३५ आहे. एमएचा आलेख सरळ सपाट रेघ दिसत असेल तर तो तळाला टेकलाय हे ओळखा. मिनिमम खाली आणा. मशीन ऐकत नसेल तर केव्ही उतरवा.

पिच वाढवून डोस कमी होतो, हेही सगळीकडे खरं नाही. जी मशीन इफेक्टिव्ह एमएएस (एमएएस भागिले पिच) वापरतात ती पिच वाढला की एमए आपोआप वाढवतात. हाताने एमए ठरवला असेल तरच पिचचा फायदा डोसमध्ये दिसतो. हालचाल मात्र जास्त पिचने दोन्हीकडे कमी होते.

केव्ही

छाती-पोटासाठी ८० केव्ही, मशीनला ७० असेल तर ७०. डोक्यासाठी १०० चांगला चालतो. तोच एमएएस ठेवून १२० वरून ८० वर आलात तर डोस साधारण एक-तृतीयांशावर येतो, आणि आयोडीनचा उजळपणा दीडपटीहून जास्त वाढतो. म्हणून कॉन्ट्रास्टच्या स्कॅनमध्ये ८० केव्हीवर थोडे दाणे दिसले तरी रक्तवाहिन्या उलट स्पष्ट दिसतात.

८० वर आलं की इमेजमध्ये वर्तुळं किंवा एचयूचा गोंधळ दिसतो, असं होत असेल तर बहुधा त्या मशीनवर ८० केव्हीचं एअर कॅलिब्रेशन (रिकाम्या हवेवर डिटेक्टर जुळवणं) झालेलंच नसतं. रोजचं कॅलिब्रेशन १२० वर उरकलेलं असतं. ८० आणि १०० दोन्हींवर करून घ्या, मग पाण्याचा फँटम (चाचणीसाठीचा पाण्याने भरलेला डबा) लावून पाण्याचे एचयू शून्याच्या जवळ, फार तर ४-५ इकडे-तिकडे आहेत ना ते बघा.

कन्सोलवरचा आकडा बाळाचा नाही

सीटीडीआय (कन्सोलवर मिलीग्रेमध्ये दिसतो तो डोस) हा प्लास्टिकच्या फँटममध्ये मोजलेला आकडा. शरीराच्या प्रोटोकॉलला ३२ सेंमीचा फँटम, डोक्याला १६ सेंमीचा. १० सेंमीच्या बाळाला ३२ सेंमीच्या हिशोबाने दाखवलेला आकडा फसवा असतो. एएपीएमच्या (अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या) २०४ क्रमांकाच्या अहवालातली रीत अशी: बाळाची पुढून-मागे जाडी आणि बाजूची रुंदी मोजा, गुणाकाराचं वर्गमूळ काढा. ९ आणि ११ सेंमी असेल तर ९९ चं वर्गमूळ, म्हणजे १० सेंमी. १० सेंमीला ३२ च्या फँटमसाठी गुणक २.५७. कन्सोलवर २ मिलीग्रे दिसत असेल तर बाळाच्या आकाराला धरून डोस ५.१ मिलीग्रे. १६ च्या फँटमवर तोच गुणक १.२७ आहे.

काही मशीन मुलांच्या शरीराच्या प्रोटोकॉललाही १६ चा फँटम धरतात. डोस पेजवर फँटमचा आकार लिहिलेला असतो, तो वाचल्याशिवाय दोन सेंटरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका. आणि बाळाच्या डोक्याचा स्कॅन बॉडी प्रोटोकॉलमध्ये घेऊन 'डोस निम्मा झाला' असं समजू नका. निम्मा झालेला असतो फक्त आकडा. डोक्यासाठी ३ महिन्यांच्या आत त्याच युरोपीय मार्गदर्शनातली पातळी २४ मिलीग्रे आणि डीएलपी ३०० आहे. ही मर्यादा नव्हे. याच्यावर जात असाल तर कारण शोधा, एवढाच तिचा अर्थ.

डीएलपीला सीटीडीआयने भागलं की खरी किरणं पडलेली लांबी मिळते. डीएलपी ३०, सीटीडीआय २, तर १५ सेंमी. तुम्ही आखलेला पट्टा १० सेंमीचा असेल तर ५ सेंमी जास्तीचे कुठून आले? हेलिकलमध्ये (टेबल सरकत असताना सलग घेतलेल्या स्कॅनमध्ये) सुरुवातीला आणि शेवटी जादा फेरे लागतात, आणि कोलिमेशन (किरणांच्या पट्ट्याची रुंदी) जितकं रुंद तितके ते जास्त. मोठ्या माणसाच्या ४० सेंमीत ते जाणवत नाहीत. बाळाच्या छातीच्या स्कॅनमध्ये मात्र गळ्यातली थायरॉइड आणि पोटही त्यात येतं. ४० मिमीऐवजी २० मिमी कोलिमेशन घ्या, किंवा डोक्यासाठी सरळ अॅक्सिअल मोड (टेबल थांबवून एकेक फेरी) वापरा. त्यात जादा फेरे लागतच नाहीत.

बाळाची तयारी

सीटीची खोली मशीनसाठी थंड ठेवलेली असते आणि बाळ गारठलं की हलतं, रडतं. डिसेंबर-जानेवारीत, किंवा पावसाळ्यात खानापूरकडून ओल्या कपड्यांत आलेल्या बाळाच्या बाबतीत हे हमखास होतं. आधी कोरडं करा, टोपरं घाला, काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ मध्ये आहे का बघा, मगच टेबलावर घ्या.

साध्या, कॉन्ट्रास्ट नसलेल्या स्कॅनला भूल लागत नाही. क्रम असा: टेबल, प्रोटोकॉल, बाळाचं नाव-वजन सगळं आधी भरून ठेवा. बालरोगतज्ज्ञांची हरकत नसेल तर आईने बाळाला पोटभर पाजावं, ढेकर काढावा, कोरड्या सुती दुपट्यात हात आत घेऊन घट्ट गुंडाळावं. छातीचा स्कॅन असेल तर हात वर घेऊन गुंडाळायचं. झोप लागली की वीस मिनिटांत स्कॅन उरकायचा. दिवे मंद, बोलणं कमी. बाळाला आधी झोपवून मग कन्सोलवर नाव टाइप करत बसलं की ते उठणारच.

रात्रपाळीचा टेक्निशियन कन्नड बोलणारा आणि बाळंतीण फक्त मराठी, हे आपल्याकडे रोजचं. 'शेवटचं दूध किती वाजता पाजलं?' आणि 'याआधी कुठे स्कॅन झालाय का?' हे दोन प्रश्न दोन्ही भाषांत लिहून दारावर लावा. त्यावर बरंच काही अवलंबून असतं. बाळाला धरायला कुणी आत थांबणार असेल तर लेड एप्रन घालून, आणि ती बाई गरोदर नाही याची खात्री करून.

वीज गेल्याने स्कॅन अर्धवट तुटला तर अर्धा डोस फुकट जातो. पावसाळ्यात बाळाला टेबलावर घेण्याआधी यूपीएसचा पॅनल एकदा बघून या.

कॉन्ट्रास्ट लागलंच तर

३०० एमजी/एमएलचं नॉन-आयॉनिक, दीड ते दोन एमएल प्रति किलो. तीन किलोच्या बाळाला सहा एमएलच्या आत. एवढ्याशा मात्रेतला एक-दीड एमएल एक्स्टेंशन लाइनमध्येच राहिला तर इमेज फिकी येणार, आणि दोष पुन्हा एमएएसला दिला जाणार. लाइन छोटी घ्या, मागून सलाइन ढकला. २४ गेजच्या कॅन्युलातून हाताने सावकाश दिलेलं पुरतं. बोलस ट्रॅकिंग (कॉन्ट्रास्ट पोहोचलं का ते स्कॅन करत बघणं) टाळा. त्यात एकाच जागी पुन्हापुन्हा किरणं पडतात. आधी साधा आणि मग कॉन्ट्रास्टचा असे दोन स्कॅन बाळाला बहुधा लागतच नाहीत, एकच फेज घ्या. नंतर तीन आठवड्यांच्या आत थायरॉइडची तपासणी व्हावी, अशी अमेरिकेच्या एफडीएची (औषध नियामक संस्थेची) २०२२ ची शिफारस तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांत तर ती विसरूच नये. डिस्चार्ज कार्डावर लिहा.

सीमाभागातला रिपीट

निपाणीचं बाळ कोल्हापूरला जातं, कागवाड-अथणीचं मिरज-सांगलीला, खानापूरचं बेळगावला. वाटेत एका ठिकाणी सीटी होतो आणि पुढे फक्त फिल्म जाते. फिल्मवर विंडो बदलता येत नाही, पातळ स्लाइस मिळत नाही, म्हणून पुढचं हॉस्पिटल पुन्हा स्कॅन घेतं. आयुष्य अजून पुढे पडलेल्या, पेशी झपाट्याने वाढत असलेल्या बाळाला हा डोस निव्वळ एका सीडीअभावी बसतो. डायकॉम (मूळ डिजिटल इमेजच्या) सीडी बाळाच्या फाइलला चिकटवूनच पाठवा. त्यात पातळ सिरीज आणि डोस पेज दोन्ही हवीत. डोस पेजवर आकडे आणि एकक असतात, ते कन्नड कार्डावर असले काय आणि मराठी कार्डावर असले काय, सारखेच वाचता येतात.

आणि रेफर करणाऱ्या डॉक्टरांशी फोनवर बोला. टाळू उघडी असताना मेंदूतल्या पोकळ्यांमधला रक्तस्राव आणि हायड्रोसिफॅलस (मेंदूत पाणी साठणं) सोनोग्राफीत बिछान्यापाशीच दिसतो. जन्मावेळी गुदमरलेल्या बाळासाठी एमआरआय जास्त सांगतो. तातडीची इजा, कवटीचा फ्रॅक्चर, लगेच ऑपरेशन ठरवायचं असेल, तिथे सीटीला पर्याय नाही आणि तिथे डोसच्या भीतीने थांबूही नये.

इंजिनिअरला बोलावण्याआधी

एवढं करूनही दाणे राहिले तर मग मशीनकडे वळा. फोन करताना 'इमेज खराब येते' एवढंच सांगू नका. त्याच दिवशीचा पाण्याच्या फँटमचा स्कॅन ८० आणि १२० केव्हीवर घ्या, मध्यभागी आणि चार कडांना एक चौरस सेंमीचा आरओआय (मोजणीचं वर्तुळ) ठेवून एचयू आणि एसडी (एचयूची चढउतार, म्हणजेच दाणे) लिहा. सोबत बाळाच्या स्कॅनचं डोस पेज, स्काउट, प्रोटोकॉलचा स्क्रीनशॉट, शेवटच्या एअर कॅलिब्रेशनची तारीख आणि एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमाप्रमाणे दर दोन वर्षांनी होणाऱ्या क्यूएचा (मशीनच्या गुणवत्ता तपासणीचा) मागचा रिपोर्ट ठेवा. फँटमचा एसडी त्या रिपोर्टमधल्या आकड्याशी, त्याच केव्ही-एमएएस-जाडीवर जुळत असेल तर मशीन ठीक आहे आणि दोष सेंटरिंग किंवा प्रोटोकॉलमध्येच आहे. परत तिथे जा. जुळत नसेल तर ट्यूब, डिटेक्टर किंवा कॅलिब्रेशन. तेवढ्या दिवसांत नवजात बाळाचा तातडीचा नसलेला स्कॅन दुसऱ्या सेंटरला पाठवा, आणि मध्यंतरी कुणी वाढवलेला एमएएस प्रोटोकॉलमध्ये तसाच राहिलाय का ते दुरुस्तीनंतर तपासून मूळ आकड्यावर आणा.